इंपाला मोटारगाडी

इंपाला : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जनरल मोटर्स कॉर्पोरेशनच्या शेव्हरोले विभागाने १९५८ पासून २०२० पर्यंत, मध्यंतरीचे दोन खंड वगळता, तयार केलेली प्रवासी मोटारगाडी. इंपाला हे मूळचे आफ्रिकेतील एका चपळ हरणाचे नाव होय. ही गाडी तिच्या आयुष्याच्या बहुतेक काळात ‘पूर्णाकारी’ या वर्गात मोडत होती. दोन सलग बाकांवर सहा प्रौढ माणसे बसतील, पुढे मोठे एंजिन व मागे मोठी डिकी राहील आणि बॉडी स्वतंत्र पोलादी सांगाड्यावर बसविलेली असेल, अशी गाडी म्हणजे पूर्णाकारी गाडी, असा अर्थ अमेरिकेत रूढ होता. १९५९–६० च्या सुमारास तेथील कारखानदारांनी आटोपशीर गाड्या बाजारात आणल्या, तेव्हा जुन्या मापाच्या गाड्यांना हे वेगळे नाव देण्याची गरज पडली. त्यापूर्वी अमेरिकन कारखान्याची सर्वसाधारण गाडी ती हीच.

इंपालाचे महत्त्व तिच्या खपात आहे, तसेच तिच्या अभिकल्पाच्या इतिहासातही आहे. ही चैनीची गाडी नव्हती. मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल अशा किंमतीत महागड्या गाडीचे रूप देणे हा तिच्या निर्मितीमागील हेतू होता. त्यामुळे दिखाऊपणा आणि उपयुक्तता यांतील ओढाताण तिच्या प्रत्येक आवृत्तीत स्पष्ट दिसते. पहिल्या आवृत्तीची बॉडी एका वर्षात बाद झाली. १९७७ च्या आवृत्तीची बॉडी किरकोळ फेरफारांसह चौदा वर्षे चालली. या दोन टोकांमधील वाटचाल म्हणजे अमेरिकन मोटार-अभिकल्पाचा एक संक्षिप्त इतिहासच होय.

पार्श्वभूमी : १९२० नंतरच्या दशकात जनरल मोटर्सचे प्रमुख ॲल्फ्रेड पी. स्लोन यांनी आपल्या विभागांची किंमतीनुसार उतरंड रचली. तळाशी शेव्हरोले, त्यावर अनुक्रमे पाँटिॲक, ओल्ड्समोबिल, ब्युइक आणि शिखरावर कॅडिलॅक, असा तो क्रम होता. गिऱ्हाइकाची मिळकत वाढेल तसतसा तो पायरीपायरीने वर चढावा आणि दरवर्षी रूप पालटलेली गाडी पाहून त्याला आपली गाडी जुनी वाटू लागावी, हे या धोरणाचे दोन आधार होते. त्यासाठी १९२७ मध्ये कंपनीने ‘आर्ट अँड कलर’ हा स्वतंत्र विभाग हार्ली अर्ल यांच्या हाताखाली स्थापन केला. गाडीचे बाह्य रूप ठरविण्यासाठी एखाद्या मोठ्या कारखानदाराने असा कायमचा विभाग उभारावा, ही त्या काळी नवी गोष्ट होती.

अर्ल यांची कार्यपद्धती पुढे सर्वत्र रूढ झाली. प्रथम चित्रे काढीत, त्यांतून निवडलेल्या कल्पनेचे मातीचे लहान प्रतिरूप करीत आणि शेवटी प्रत्यक्ष मापाचे प्रतिरूप लाकडी चौकटीवर माती थापून घडवीत. त्यावरून मापे घेऊन पोलादी पत्रा दाबण्याचे साचे तयार होत. हे साचे अत्यंत खर्चिक असल्याने बॉडीचे आतील भाग अनेक विभागांच्या गाड्यांना सामाईक ठेवून केवळ बाहेरचे पत्रे, जाळी, दिवे व चकाकत्या पट्ट्या बदलण्याची पद्धत पडली. गाडी अधिक लांब व अधिक ठेंगणी दिसली पाहिजे, हे अर्ल यांचे मुख्य सूत्र होते व त्यांनी ते तीस वर्षे सोडले नाही.

१९५५ मध्ये शेव्हरोलेने नव्या बॉडीबरोबर ४,३४३ घ. सेंमी. धारणेचे आठ सिलिंडरांचे एंजिन आणले. एड कोल यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले हे एंजिन हलके, स्वस्त आणि जोमदार होते. त्यामुळे उतरंडीतील सर्वांत खालच्या पायरीवरील गाडी शक्तीच्या बाबतीत वरच्या पायऱ्यांशी स्पर्धा करू लागली. आता तिला शोभेल असे रूप हवे होते. १९५६ च्या ‘मोटोरामा’ या कंपनीच्या फिरत्या प्रदर्शनात ‘कॉर्व्हेट इंपाला’ नावाची पाच जणांची एक प्रायोगिक गाडी मांडण्यात आली. इंपाला हे नाव लोकांपुढे आले ते प्रथम तिच्यामुळे.

पहिली आवृत्ती (१९५८) : इंपाला प्रथम बेल एअर मालिकेतील सर्वांत महाग उपप्रकार म्हणून विक्रीस आली. ती दोनच रूपांत मिळे : एक दोन दरवाजांची, मधला खांब नसलेली बंद गाडी व दुसरी दुमडत्या छताची उघडी गाडी. क्लेअर मॅकिकन हे त्या वेळी शेव्हरोलेच्या अभिकल्प-कक्षाचे प्रमुख होते. इंपालाचे वेगळेपण त्यांच्या कक्षाने मोजक्या खुणांनी दाखविले. छप्पर इतर शेव्हरोले गाड्यांच्या मानाने आखूड ठेवले, मागील काचेच्या वर वायुवीजनाच्या झडपेचा केवळ देखावा असलेली पट्टी बसविली आणि मागे प्रत्येक बाजूस तीन गोल दिवे दिले. साध्या शेव्हरोलेला दोन दिवे व इंपालाला तीन, हा फरक रस्त्यावरील कोणालाही ओळखू येई. एका जास्तीच्या दिव्याने मालकाची प्रतिष्ठा सांगण्याची ही युक्ती इतकी यशस्वी झाली, की सहा गोल दिवे ही पुढे इंपालाची कायमची खूण बनली.

पत्र्याखालील फेरबदल अधिक मूलगामी होते. मागील पाटा-स्प्रिंगांऐवजी चारही चाकांना मळसूत्री स्प्रिंगा आल्या. नेहमीच्या शिडीसारख्या सांगाड्याऐवजी मध्यभागी निमुळता होणारा, वरून पाहता इंग्रजी ‘एक्स’ अक्षरासारखा दिसणारा सांगाडा वापरण्यात आला. दोन्ही बाजूंच्या तुळ्या मधोमध एकत्र आल्याने त्यांच्या बाहेरच्या बाजूस जमीन खाली घेता आली, प्रवाशांचे पाय खोलगट जागेत गेले आणि छप्पर उतरविता आले. गाडी ठेंगणी दिसावी या आग्रहाची अभियांत्रिकी किंमत मात्र येथे मोजावी लागली. बाजूने धडक बसल्यास प्रवासी आणि धडकणारे वाहन यांच्या दरम्यान सांगाड्याची तुळई उरली नाही. दरवाजाचा पत्रा व उंबऱ्याचा भाग एवढाच काय तो आडोसा राहिला. या रचनेवर पुढे बरीच टीका झाली, तरी ती १९६४ पर्यंत टिकून होती.

१९५८ हे अमेरिकेत व्यापारी मंदीचे वर्ष होते. तरीही सु. १,८०,००० इंपाला खपल्या आणि १९५९ मध्ये तिची स्वतंत्र मालिका करण्यात आली.

पंखांची आवृत्ती (१९५९–६०) : १९५८ ची बॉडी एकाच वर्षात टाकून देण्यात आली, त्याचे कारण स्पर्धेत होते. १९५६ च्या उन्हाळ्यात क्राइस्लर कंपनीच्या आगामी गाड्या कारखान्याच्या आवारात उभ्या असताना जनरल मोटर्समधील तरुण अभिकल्पकांच्या दृष्टीस पडल्या. व्हर्जिल एक्झ्नर यांनी आखलेल्या त्या गाड्या ठेंगण्या, पातळ छपराच्या आणि उंच परांच्या होत्या. त्यांच्यापुढे जनरल मोटर्सची तयार होत असलेली जड, चकाकत्या पट्ट्यांनी मढविलेली चित्रे एकदम शिळी दिसू लागली. अर्ल त्या वेळी यूरोपात होते. त्यांच्या अनुपस्थितीत कनिष्ठ अभिकल्पकांनी १९५९ साठी योजलेली चित्रे बाजूस सारून नव्याने आरंभ केला आणि परत आल्यावर अर्ल यांनीही अखेर ते मान्य केले. एका मोठ्या संस्थेत तिच्या सर्वसत्ताधीशाच्या रुचीविरुद्ध झालेला हा बदल मोटार-अभिकल्पाच्या इतिहासात विशेष मानला जातो. १९५८ च्या अखेरीस अर्ल निवृत्त झाले व विल्यम मिचेल त्यांच्या जागी आले.

खर्च आवरण्यासाठी पाचही विभागांच्या गाड्या एकाच मूळ बॉडीवर बेतण्यात आल्या. त्यामुळे शेव्हरोले आपोआपच रुंद व लांब झाली. इंपालाची रुंदी २·०३ मी. भरली. इतर कंपन्यांचे पर उभे होते. शेव्हरोलेचे पर आडवे पसरून मध्यभागी खाली झुकले आणि त्यांच्याखाली मांजराच्या डोळ्यांसारखे दोन लांबट दिवे आले. चार दरवाजांच्या एका प्रकारात पातळ सपाट छप्पर मागील वळणदार काचेच्या पलीकडे छज्जासारखे पुढे आलेले असे. उपयुक्ततेच्या दृष्टीने या परांना काहीही अर्थ नव्हता. परंतु हे रूप एकदा पाहिलेला मनुष्य ते विसरत नाही, हेही तितकेच खरे. १९६० मध्ये पर बोथट करण्यात आले आणि सहा गोल दिवे परत आले. दोन वर्षांत ही बॉडीही इतिहासजमा झाली.

दरवर्षीच्या या पालटाचा भार कोणावर पडत होता, याचा हिशेब फ्रँक्लिन फिशर, त्स्वी ग्रिलिचेस व कार्ल केसन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये मांडला. गाड्यांचे आकारमान व शक्ती १९४९ च्या पातळीवर राहिली असती तर काय खर्च आला असता, हे काढून त्यांनी १९५६–६० मधील प्रत्यक्ष खर्चाशी त्याची तुलना केली. साचे, वाढलेले वजन, जादा साहित्य व जादा इंधन मिळून देशाला वर्षाला सु. ५ अब्ज डॉलर अधिक पडत होते आणि गाडीच्या किंमतीचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग या बदलांपोटी जात होता, असा त्यांचा निष्कर्ष होता. गिऱ्हाइकाने हे स्वखुशीने पत्करले, हेही त्यांनी नोंदविले आहे.

मिचेल यांचा काळ (१९६१–७०) : मिचेल यांना चकाकत्या पट्ट्यांपेक्षा पत्र्याच्या घडीची धार अधिक प्रिय होती. १९६१ च्या इंपालाचे पर नाहीसे झाले, बाजू सपाट झाल्या व लांबी किंचित कमी झाली. पुढील काचेची गुडघ्याजवळ आत वळणारी कड काढून टाकण्यात आली. दिसण्यात हा बदल किरकोळ वाटला, तरी आत शिरताना गुडघा आपटण्याची जुनी पीडा त्यामुळे टळली. दोन दरवाजांच्या गाडीला बारीक खांबांवर तोललेले, बुडबुड्यासारखे हलके छप्पर मिळाले. १९६२ मध्ये मात्र दुमडत्या छताची नक्कल करणारे घडीचे छप्पर आले. १९६१ मध्येच ‘एस एस’ ही वेगवान आवृत्ती निघाली. त्या वर्षी अशा जेमतेम ४५३ गाड्या तयार झाल्या. त्यांच्यापैकी काहींना ६,७०२ घ. सेंमी. धारणेचे, ३६० अश्वशक्तीचे एंजिन होते. कुटुंबाची गाडी आणि शर्यतीची गाडी एकाच बॉडीत विकण्याची पुढील दशकातील प्रथा यातूनच वाढीस लागली.

१९६५ मध्ये संपूर्ण नवी इंपाला आली. बॉडीच्या बाजू व खिडक्यांच्या काचा बाहेरच्या बाजूस फुगीर झाल्या. त्यामुळे खांद्याजवळ जागा वाढली. मागील चाकांवर पत्र्याला उंचवटा देऊन कमरेशी तो आत घेण्यात आला. एक्स आकाराचा सांगाडा जाऊन प्रवासी-कक्षाच्या कडेने फिरणारा सांगाडा आला, म्हणजे सात वर्षांनी तुळई पुन्हा प्रवाशाच्या बाहेरच्या बाजूस गेली. या एका वर्षात दहा लाखांहून अधिक इंपाला खपल्या. एकाच नावाच्या गाडीचा असा वार्षिक खप अमेरिकेत अभूतपूर्व होता.

याच यशात ऱ्हासाचे बीज होते. शेजाऱ्यापाशी आहे तीच गाडी आपल्यापाशी असण्यात प्रतिष्ठा कसली, हा प्रश्न स्लोन यांच्या उतरंडीतून अटळपणे निघत होता. १९६५ च्या मध्यास इंपालावरच उंची कापड व सजावट चढवून ‘कॅप्रिस’ तयार करण्यात आली व १९६६ मध्ये तिची वेगळी मालिका झाली. बेल एअरवर कुरघोडी करून जन्मलेली इंपाला आठ वर्षांत स्वतःच एक पायरी खाली उतरली.

याच सुमारास अभिकल्पकाच्या मेजावर कायदा येऊन बसला. राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये मोटारगाड्यांच्या असुरक्षिततेवर प्रखर टीका करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९६६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने वाहन सुरक्षिततेचा कायदा संमत केला. परिणामी १९६७ च्या गाड्यांत धडकेची ऊर्जा शोषून आखडणारा सुकाणूचा दांडा व दुहेरी मंडलांचे ब्रेक आले. १९६८ मध्ये बाजूचे इशारादर्शक दिवे व खांद्यावरचे पट्टे आले. १९७३ मध्ये जनरल मोटर्सने सु. १,००० इंपाला गाड्यांना हवेने फुगणाऱ्या संरक्षक पिशव्या बसवून त्या चाचणीसाठी मोठ्या ताफ्यांच्या मालकांना दिल्या. आज सर्वत्र आढळणाऱ्या या साधनाच्या आरंभीच्या प्रत्यक्ष चाचण्यांपैकी ही एक होय.

आकारमानाची परिसीमा (१९७१–७६) : १९७१ च्या आवृत्तीत दोन आसांमधील अंतर ३·०९ मी. झाले. त्यानंतरची वाढ अभिकल्पकांच्या हौसेतून झाली नाही. मंद वेगाच्या धडकेत गाडीची हानी होऊ नये, या नियमामुळे १९७३ मध्ये पुढे व १९७४ मध्ये मागे जड, मागे सरकू शकणारे बंपर बसवावे लागले आणि गाडी आणखी लांबली. १९७६ ची इंपाला ५·६६ मी. लांब व सु. १,९०० किग्रॅ. वजनाची होती. तिच्यात ७,४४० घ. सेंमी. धारणेपर्यंतचे एंजिन मिळू शके; परंतु प्रदूषण-नियंत्रणासाठी संपीडन गुणोत्तर घटविल्यामुळे त्या धारणेच्या मानाने शक्ती बरीच कमी होती. लांबीचा मोठा भाग एंजिनावरील झाकण व मागील डिकी यांत जाई; मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना त्याचा लाभ होत नसे.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि मोठ्या गाड्यांचा खप कोसळला. डिसेंबर १९७५ च्या ऊर्जाविषयक कायद्याने प्रत्येक कारखानदाराच्या गाड्यांची सरासरी इंधन-बचत क्रमाक्रमाने वाढविणे सक्तीचे केले. या कायद्याच्या आधीच, १९७३ च्या अखेरीपासून, जनरल मोटर्सने आपल्या पूर्णाकारी गाड्या लहान करण्याचे ठरविले होते.

पुनर्रचना (१९७७) : १९७७ च्या इंपालाचा अभिकल्प नेहमीच्या उलट क्रमाने झाला. प्रथम सहा प्रवाशांची जागा, बसण्याची उंची आणि डिकीचे घनफळ ठरविण्यात आले व त्याभोवती पत्रा आखण्यात आला. गाडी सु. २७ सेंमी. आखूड, सु. ९ सेंमी. अरुंद व सु. ३०० किग्रॅ. हलकी झाली, दोन आसांमधील अंतर कंपनीच्या त्या वेळच्या मध्यम आकाराच्या शेव्हरोलेइतकेच राहिले. याउलट उंची वाढली. छप्पर वर गेल्याने माणूस ताठ बसू शकला, त्यामुळे मागील जागेत पायांना अधिक मोकळीक मिळाली व डिकीही मोठी झाली. अर्ल यांचे अधिक लांब व अधिक ठेंगणे हे सूत्र दोन्ही बाजूंनी मोडले गेले आणि ते मोडल्यानेच गाडी सुधारली. मिचेल यांनी आपल्या निवृत्तीच्या वर्षी बाजारात आलेल्या या गाडीला सरळ, धारदार रेषा दिल्या. दोन दरवाजांच्या प्रकारात तापलेल्या तारेच्या साहाय्याने कोपऱ्यांत तीव्रपणे वाकविलेली एकसंध मागील काच हा तिचा एकमेव लक्षवेधी अलंकार होता.

लहान गाडी त्याच किंमतीत गिऱ्हाईक घेईल काय, ही कंपनीची मोठी धास्ती होती. प्रत्यक्षात खप वाढला. इंपाला-कॅप्रिस जोडीच्या मापांतील चढउतार पुढील कोष्टकावरून लक्षात येईल.

कोष्टक : शेव्हरोलेच्या प्रमुख गाडीची मापे (मीटरमध्ये)

| वर्ष | दोन आसांमधील अंतर | एकूण लांबी |
|---|---|---|
| १९५५ (बेल एअर) | २·९२ | ४·९७ |
| १९५८ | २·९८ | ५·३१ |
| १९५९ | ३·०२ | ५·३६ |
| १९६५ | ३·०२ | ५·४१ |
| १९७१ | ३·०९ | ५·५१ |
| १९७६ | ३·०९ | ५·६६ |
| १९७७ | २·९५ | ५·३९ |
| २००० | २·८१ | ५·०८ |

१९५५ ते १९७६ या एकवीस वर्षांत गाडी ६९ सेंमी. लांबली, प्रवाशांची संख्या मात्र सहाच राहिली.

१९८० मध्ये वाऱ्याचा रोध कमी करण्यासाठी बॉडीत थोडे फेरफार झाले. टॅक्सीचालक व पोलीस यांनी ही गाडी मोठ्या प्रमाणावर वापरली, कारण तिची दुरुस्ती सोपी होती व स्वतंत्र सांगाडा खडतर वापरास टिके. १९८५ मध्ये इंपाला हे नाव बंद झाले. तीच बॉडी कॅप्रिस या नावाने १९९० पर्यंत चालू राहिली. तिच्या सांगाड्यावर १९९१ मध्ये नवी, गोलसर बॉडी चढविण्यात आली व तो १९९६ पर्यंत वापरात होता.

उत्तरकाल : १९९४–९६ या काळात २६० अश्वशक्तीचे एंजिन व रुंद चाके असलेली ‘इंपाला एस एस’ टेक्सस राज्यातील आर्लिंग्टन येथे तयार झाली. बहुतांशी काळ्या रंगात, जवळजवळ चकाकत्या पट्ट्यांशिवाय विकलेली ही गाडी सु. ७०,००० खपली. ट्रक व तत्सम वाहनांत अधिक नफा मिळत असल्याने तो कारखाना त्यांच्या निर्मितीकडे वळविण्यात आला आणि मागील चाकांना शक्ती देणारी, स्वतंत्र सांगाड्याची इंपाला संपली.

२००० सालची इंपाला नावापुरतीच जुनी होती. तिची बॉडी व सांगाडा एकजीव होते, सहा सिलिंडरांचे एंजिन आडवे बसविलेले होते व शक्ती पुढील चाकांना मिळे. मागील गोल दिवे तेवढे पूर्वस्मृती म्हणून ठेवले होते. २०१४ च्या शेवटच्या आवृत्तीची गुणवत्ता उत्तम होती. अमेरिकेतील ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ या ग्राहक-नियतकालिकाने २०१३ मध्ये तिला सर्व सेदान गाड्यांत पहिला क्रमांक दिला. परंतु तोपर्यंत अमेरिकन कुटुंब उंच, जीपसदृश वाहनांकडे वळले होते. २७ फेब्रुवारी २०२० रोजी डिट्रॉइट-हॅमट्रॅम्क येथील कारखान्यातून शेवटची इंपाला बाहेर पडली. त्यानंतर तो कारखाना विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी पालटण्यात आला.

सुरक्षिततेची कसोटी : सप्टेंबर २००९ मध्ये अमेरिकेतील महामार्ग सुरक्षिततेच्या विमासंस्थेने आपल्या पन्नासाव्या वर्षानिमित्त एक चाचणी प्रसिद्ध केली. इंपालाच्याच बॉडीची १९५९ ची बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मॅलिबू या दोन गाड्या ताशी सु. ६४ किमी. वेगाने, पुढील भागाचा काही अंश एकमेकांवर येईल अशा रीतीने समोरासमोर धडकविण्यात आल्या. जुन्या गाडीचा प्रवासी-कक्ष चेपला, सुकाणू चालकाच्या पुतळ्यावर आले व त्याला झालेल्या इजा प्राणघातक ठरण्याजोग्या होत्या. नव्या गाडीचा कक्ष अभंग राहिला; तिच्या चालक-पुतळ्याला पायाची किरकोळ इजा झाली. जाड पत्र्याची जुनी गाडी अधिक मजबूत असते, हा जगभर आढळणारा समज या चाचणीने खोटा ठरविला. सामर्थ्य पत्र्याच्या जाडीत नसून धडकेचा जोर कोणत्या भागांनी शोषावा व कोणत्या भागांनी अभेद्य राहावे, या विचारपूर्वक केलेल्या योजनेत असते.

सांस्कृतिक स्थान : जुन्या झालेल्या इंपाला स्वस्तात विकल्या जात. लॉस अँजेल्सच्या पूर्व भागातील मेक्सिकन वंशाच्या कामगार तरुणांनी त्या घेतल्या, रंगविल्या आणि स्प्रिंगा कापून रस्त्याला टेकतील इतक्या खाली आणल्या. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने चाकाच्या कड्यापेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली असण्यास बंदी केली, तेव्हा विमानांतील द्रवदाबाचे पंप बसवून गाडी इच्छेनुसार वर-खाली करण्याची युक्ती निघाली. ‘लोरायडर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कलेत १९५८–६४ च्या इंपालांना अग्रस्थान आहे. दाराबाहेरच्या नोकरवर्गीय प्रतिष्ठेसाठी आखलेल्या रूपाला येथे एका उपेक्षित समाजाने स्वतःचा अर्थ दिला. फुलांच्या वेलबुट्टीने रंगविलेली ‘जिप्सी रोझ’ ही १९६४ ची इंपाला २०१७ मध्ये वॉशिंग्टन येथील नॅशनल मॉलवर राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन म्हणून मांडण्यात आली. अशा गाड्यांच्या संथ मिरवणुकांवर कॅलिफोर्नियातील शहरांनी घातलेले निर्बंध १ जानेवारी २०२४ पासून राज्याच्या कायद्याने रद्द झाले.

भारतात जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे जोडणीचा कारखाना काढला होता व तेथून शेव्हरोले गाड्या व ट्रक बाहेर पडत. १९५४ मध्ये तो बंद झाला. त्यामुळे इंपालाची जोडणी भारतात कधीच झाली नाही. ती आली ती आयात होऊन, आणि आयातीवरील कडक निर्बंधांमुळे मोजक्या संख्येने. अमेरिकेत जी गाडी वर्षाला लाखोंनी खपत होती, ती येथे दुर्मिळतेमुळे वैभवाची खूण ठरली. १९६० व १९७० च्या दशकांतील हिंदी चित्रपटांनी ही प्रतिमा घरोघरी पोहोचविली.

मूल्यमापन : इंपाला या नावाने एक कोटीहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. तिच्या निरनिराळ्या आवृत्त्यांच्या बॉडींचे आयुष्य पाहिले असता एक, दोन, चार, सहा, सहा व चौदा वर्षे असा क्रम लागतो. केवळ नजरेसाठी आखलेले रूप सर्वांत लवकर शिळे झाले आणि माणसाच्या बैठकीपासून आरंभ केलेले रूप सर्वांत अधिक टिकले. यावरून १९५९ च्या परांचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. आज संग्रहालयांत व संग्राहकांपाशी जपली जाणारी इंपाला बहुधा तीच किंवा तिच्या मागच्यापुढच्या वर्षांचीच असते. १९७७ च्या गाड्या मात्र टॅक्सी व पोलीस खात्यात झिजून भंगारात गेल्या. एकीने लोकांचे मन रिझविले, दुसरीने त्यांचे काम केले. ही दोन कामे एकाच गाडीकडून एकाच वेळी करून घेणे किती अवघड असते, हे इंपालाच्या बासष्ट वर्षांच्या इतिहासावरून दिसून येते.